कोकमाच्या रंगाची बिअर



घरी बिअर कशी करता ते एकदा लिहून द्या, असा आग्रह आम्हाला बरेच दिवस चालला होता. आम्ही टाळत होतो. एक तर आपल्या पत्रिकेत येतं ते सणावारांचं, सिनेगॉगचं, मलिद्याचं. त्यात बिअरची कृती शोभेल का, ही शंका. दुसरं म्हणजे पत्रिका लहान मुलंही वाचतात, निदान त्यांना ती वाचून दाखवली जाते. पण लिहायला बसल्यावर कळलं की ही हकिगत नुसती बिअरची होऊच शकत नाही. तिच्यात आमच्या आईंचं किद्दुशचं सरबत येऊन मिसळलेलं आहे, आणि ते बाजूला काढता येत नाही. तेव्हा मुलांनो, बिअर ही अठरा वर्षांनंतरची गोष्ट. सरबत मात्र तुमचं. ते शेवटी येईल, तोवर दमाने घ्या.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको, आणि जोडीला आमचा मुलगा. मुलाचं लग्न झाल्यावर तो सिडनीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, आणि शनिवार-रविवारचं येणं हळूहळू महिन्यावर गेलं. २०१५ च्या हिवाळ्यात त्याच्या वाढदिवसाला कुणी तरी घरी बिअर करण्याचा संच भेट दिला. त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून तो संच आमच्या गराजमध्ये आला. संचाच्या मागोमाग मुलगाही दर दोन रविवारी येऊ लागला, पुढे नातीला घेऊन. म्हणून आम्ही त्या पिंपाला कधी नावं ठेवली नाहीत.

इथे घरी स्वतःपुरती बिअर करायला बंदी नाही. पूर्वी होती, ते निर्बंध १९७० च्या दशकात व्हिटलम सरकारच्या काळात उठले. त्याच सरकारने १९७३ साली गोरं-काळं पाहून माणसं घेण्याचं धोरण निकालात काढलं, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्यांचे आभार मानायला दोन कारणं आहेत. मात्र केलेली बिअर विकायची नाही, आणि परवान्याशिवाय भट्टी लावून कडक दारू गाळायची तर मुळीच नाही. आईंना हे पटवायला वेळ लागला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे दिवस त्यांनी पाहिलेले. परमिट असल्याशिवाय बाटली घरात नको, हे डोक्यात पक्कं. पहिल्या रविवारी गराजचं दार उघडं पाहून त्या म्हणाल्या, "अरे, दार तरी लोटून घ्या. पोलीस आले तर?"

रेड एल म्हणजे तांबूस बिअर. ही आयर्लंडकडची मानतात. फार कडू नाही, फार कडक नाही, माल्टचा खमंगपणा पुढे आणि शेवटी जिभेवर थोडा कोरडेपणा. मुलाने हाच प्रकार निवडला, कारण त्याला रंग आवडला. रंगासाठी बिअर निवडणं हे वरण पिवळं दिसतं म्हणून करण्यासारखंच. पण पुढची अडीच वर्षं त्या रंगाने आम्हाला कामाला लावलं.

पहिला घाणा डब्यातल्या तयार पाकाचा. डबा गरम पाण्यात सैल करायचा, पिंपात ओतायचा, वर किलोभर साखर, २३ लिटरपर्यंत पाणी, आणि यीस्टची पुडी. दोन आठवड्यांनी बाटल्या भरल्या. बिअर झाली खरी; पण पाणचट, आणि सफरचंदाच्या सालीसारखी आंबूस. दोष डब्याचा नव्हता, आमच्या किलोभर साखरेचा होता. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. नशा राहते, चव राहत नाही. साखरेच्या जागी माल्टच हवा होता.

माल्ट म्हणजे काय ते मुलांसाठी सांगतो. आपण मुगाला मोड आणतो तसे जवाला मोड आणायचे, आणि मोड जरा वर येतोय तोच ते वाळवून भाजायचं. मोड येताना दाण्यात असे पाचक रस तयार होतात की पुढे कोमट पाण्यात तो दाणा भिजला की त्यातल्या पिठाची साखर होते. खोटं वाटत असेल तर भाकरीचा घास तोंडात धरून पुष्कळ वेळ चावा. गोड लागायला लागतो. तेच काम आपली लाळही करते. बिअरमध्ये हे काम साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसला, तासभर चालतं. पाणी ह्याहून फार तापलं तर ते रसच मरतात.

दुसऱ्या घाण्यापासून आम्ही डबा सोडला आणि दाणा आणला. पद्धत घेतली ती पिशवीची. मोठ्या पातेल्यात ३० लिटर पाणी तापवायचं, त्यात पातळ कापडाची भली मोठी पिशवी सोडायची, पिशवीत भरडलेला माल्ट. तासाभराने पिशवी उचलायची, निथळू द्यायची, पिळायची. खाली राहिला तो गोड काढा. तो तासभर उकळायचा, उकळताना हॉप्स घालायचे. ही पिशवीची पद्धत इथल्याच, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी २००० नंतरच्या दशकात रूढ केली आणि ती जगभर गेली. आई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. पिशवी पिळायला लागलो तशा म्हणाल्या, "एवढंच ना? हे तर मी दर शुक्रवारी करते." मनुका पिळायची त्यांची मलमल आठवा. खरंच, तेच होतं ते. फक्त पिशवीत आठ-दहा उशा मावल्या असत्या.

त्या घाण्याला ४ किलो साधा फिका माल्ट, ५०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट आणि २०० ग्रॅम भाजलेलं जव घेतलं होतं. क्रिस्टल माल्ट म्हणजे ओला असतानाच भाजलेला, आत साखरेचा चिक्कीसारखा खडा झालेला दाणा. त्याने गोडवा आणि अंग येतं. भाजलेलं जव म्हणजे मोड न आणता, कॉफीच्या बीसारखं काळं होईपर्यंत भाजलेला दाणा. लाल रंग ह्याचा. आम्ही विचार केला, रंग हवा तर सढळ हाताने घाला. बिअर निघाली तपकिरी-काळी, चवीला थंड कॉफी.

आईंना चमचाभर दिली. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. ग्लास खिडकीपाशी धरला आणि विचारलं, "तुम्हाला कसला रंग पाहिजे आहे नक्की?" आम्ही म्हटलं, लाल. "लाल कसला? कुंकवाचा? विटेचा? डाळिंबाचा?" आम्हाला सांगता येईना. मग त्याच म्हणाल्या, "आमसुलं पाण्यात घातल्यावर, अर्ध्या तासाने जो येतो, तो." तेव्हापासून वहीत ध्येय म्हणून तोच शब्द आहे: कोकम.

तिसऱ्या घाण्याला आम्ही जोरात होतो. भाजलेलं जव निम्मं केलं. कडू लागू नये म्हणून क्रिस्टल दुप्पट केला. आणि इंग्लंडच्या गोल्डिंग्ज हॉप्सऐवजी इथले प्राइड ऑफ रिंगवूड घातले. हे हॉप्स व्हिक्टोरियातल्या रिंगवूडला तयार झालेले आणि इथल्या बिअरमध्ये वर्षानुवर्षं वापरलेले. स्वदेशीचा अभिमान, दुसरं काय. परिणाम असा की बिअर एकाच वेळी काकवीसारखी गोड आणि कडुनिंबासारखी कडू. बिघडली ते कळत होतं. कशाने बिघडली यावर मात्र गराजमध्ये बाप-लेकांचं भांडण. एक म्हणे क्रिस्टल, एक म्हणे हॉप्स.

आईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मीठ बदललंत, मसाला बदललात, वर डाळही बदललीत. मग आमटी कुणी बिघडवली, कळणार कसं?"

त्या दिवशी वही आली. शंभर पानी, शाळेची. पहिल्या पानावर मुलाने मोडक्या मराठीत लिहिलं आहे: "एका वेळी एकच बदल." पुढच्या सगळ्या घाण्यांत जो काही शहाणपणा आला तो ह्या चार शब्दांनी आला, हॉप्सच्या नवीन जाती आणून नव्हे. बाजारात इतके माल्ट, इतके हॉप्स मिळतात की दर वेळी नवीन काही घालायचा मोह होतो. पण कृती सुधारायची तर बाकी सगळं आहे तसं ठेवून एकच धागा ओढायचा, आणि तोही लिहून.

चौथ्या घाण्याला आम्ही दुसऱ्याची कृती जशीच्या तशी घेतली, फक्त भाजलेलं जव १०० ग्रॅम. कॉफी गेली, रंग अजून काळपट. पाचव्याला ६० ग्रॅम. आणि ग्लास उन्हात धरल्यावर आला: कोकम! २० लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे मूठ-दीड मूठ. एवढ्याशा काळ्या दाण्याचा तो लाल रंग.

आनंद चार आठवडे टिकला. ऑगस्ट २०१६ मध्ये एका रात्री दोनच्या सुमाराला गराजमध्ये धडाका झाला, मागोमाग दुसरा. दिवा लावून बघतो तर साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्यांचा चुरा. एक काच समोरच्या फळीत रुतून बसली होती, जमिनीपासून हातभर वर. त्याच जागेवरून आदल्या संध्याकाळी नातीने आपली स्कूटर काढली होती. आम्ही तिथे कितीतरी वेळ नुसते उभे होतो.

चूक आमची होती, म्हणून सविस्तर सांगतो, कारण कुणी करून पाहणार असेल तर एवढं तरी वाचावं. काढ्यात साखर किती आहे ते हायड्रोमीटरने मोजतात. पाण्याचा आकडा १.०००; आमचा काढा सुरुवातीला १.०५० च्या आसपास असतो आणि यीस्टचं जेवण झाल्यावर १.०१२ च्या जवळ येऊन थांबतो. त्या घाण्याला सहाव्या दिवशी आकडा १.०१८ होता, बुडबुडे थांबले होते, आम्ही समजलो झालं. झालं नव्हतं. जुलैच्या थंडीत गराज गारठलं आणि यीस्ट नुसतं झोपलं होतं. बाटलीत भरताना फेसासाठी थोडी साखर घालतात ती आम्ही घातली, बाटल्यांना बिल्ले मारले, आणि दिवस उबदार झाल्यावर आत यीस्ट जागं झालं. उरलेली साखर अधिक नवीन साखर, आणि वायूला जायला वाट नाही. आता आमचा नियम असा आहे: आकडा लागोपाठ तीन दिवस तोच आला तरच बाटल्या. फेसाची साखर लिटरला ६ ग्रॅम, काट्यावर मोजून. आणि पहिले दोन आठवडे बाटल्या झाकणाच्या जाड खोक्यात, मुलांच्या वाटेवर नाही. उरलेल्या बाटल्या दुसऱ्या दिवशी जाड हातमोजे आणि गॉगल घालून, टॉवेलात गुंडाळून, हळूहळू उघडल्या. कोकमाच्या रंगाची सगळी बिअर अंगणात सांडली.

सहावा घाणा जानेवारी २०१७ चा. बदल एकच ठरला होता, क्रिस्टल ५०० वरून २५० ग्रॅम. पण तो जानेवारी सिडनीत फार तापला. पिंपातलं पाणी तीस अंशांवर. बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि नखांच्या रंगाचा वास, आणि प्यायल्यावर डोकं धरून बसायची पाळी. आपल्या कोकणात माडी सकाळी उतरवलेली गोड, ऊन चढेल तशी चढत जाते आणि संध्याकाळी आंबट. उन्हात यीस्टला घाई होते हे आपल्याला नवीन नको होतं. पण पुस्तकं वाचण्याच्या नादात घरचं विसरलो. मग शेजारपाजारी टाकून देत असलेला एक जुना फ्रिज आणला, त्याला तापमान राखणारी कळ बसवली, आणि तेव्हापासून पिंप १८ अंशांवर असतं, हिवाळा असो की उन्हाळा. सातवा घाणा सहाव्याचीच कृती, फक्त १८ अंशांवर. तोच माल, तीच मापं. चवीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. सर्वांत मोठी सुधारणा त्या फुकटच्या फ्रिजने केली.

आता धर्माचं थोडं. शुक्रवारी दिवे लावायच्या आत सगळं आवरलं पाहिजे, आणि जूनमध्ये इथे पावणेपाचला अंधारायला लागतं. म्हणून चूल पेटवायची ती रविवारीच. पिंप मात्र शब्बाथभर आपलं आपण बुडबुडत असतं. यीस्टला शब्बाथ नाही. बिअर निवळ करायला काही जण माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरतात. प्रागचे रब्बाय येहेज्केल लांडाऊ यांनी अठराव्या शतकात तशा पेयाला परवानगी दिलेली आहे, तरी आम्ही त्यात पडलो नाही; उकळीच्या शेवटी समुद्रशेवाळाची गोळी घालतो, तेवढीने काम होतं.

खरा वाद झाला हबदालावर. मुलाचं म्हणणं, शनिवारी रात्री हबदाला आपल्या बिअरवर करू. आईंना ते पटेना. बेराखा म्हणायची ती सरबतावर, असंच त्यांनी जन्मभर पाहिलेलं. तेव्हा रब्बायना विचारलं, आणि त्यांनी तालमूदातली एक गोष्ट सांगितली ती आम्हाला फार आवडली. अमेमार नावाचे मोठे पंडित एका गावी पाहुणे गेले. हबदालाला द्राक्षारस नव्हता म्हणून यजमानांनी बिअर आणली. अमेमारांनी ती नाकारली आणि रात्रभर उपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी यजमानांनी खटपट करून द्राक्षारस मिळवला, तेव्हा हबदाला करून जेवले. पुढच्या वर्षी ते पुन्हा तिथेच आले, आणि पुन्हा बिअरच पुढे आली. तेव्हा म्हणाले, असं आहे तर इथला द्राक्षारस हाच म्हणायचा. आणि त्यावर हबदाला केली. ह्यालाच हमर मदिना म्हणतात, मुलखाचं पेय. शुल्हान आरूखातही अशा ठिकाणी बिअरवर हबदाला मान्य आहे. बाबेलमध्ये ती बिअर खजुराची असे, आणि रव पापा हे मोठे पंडित तर स्वतः बिअर करणारे होते. त्या धंद्यातच आपण श्रीमंत झालो असं ते सांगत. शुक्रवारच्या किद्दुशची गोष्ट वेगळी, आणि प्रत्येकाने आपापल्या रब्बायना विचारावं हे बरं.

आईंनी गोष्ट ऐकली. म्हणाल्या, "म्हणजे एक वर्ष उपाशी झोपल्याशिवाय त्यांनीही मानलं नाही ना?" मग सातव्या घाण्यातली बाटली काढायला सांगितली. हबदाला झाल्यावर दोन चमचे घेतल्या आणि म्हणाल्या, "रंग बरोबर आहे. अजून पाठीमागे गोड राहतं."

आठव्या घाण्याला माल्ट भिजवायचं तापमान ६८ वरून ६६ अंशांवर आणलं. दोन अंशांनी काय होणार असं वाटतं, पण खालच्या तापमानाला जी साखर होते ती यीस्टला पुरती खाता येते, आणि बिअर कोरडी होते. नवव्याला ४०० ग्रॅम फिका माल्ट काढून तेवढाच म्युनिक माल्ट घातला, थोड्या खमंगपणासाठी. पुढे फिका माल्ट परत चार किलो केला आणि तिथेच थांबलो. आमच्या वहीतली कृती अशी आहे: २० लिटरला ४ किलो फिका माल्ट, ४०० ग्रॅम म्युनिक, २५० ग्रॅम क्रिस्टल, ६० ग्रॅम भाजलेलं जव. ६६ अंशांवर तासभर. तासभर उकळी, सुरुवातीलाच ४० ग्रॅम गोल्डिंग्ज. इंग्लिश एलचं सुकं यीस्ट एक पुडी, १८ अंश, दोन आठवडे. नशा शेकडा पाचच्या आसपास. नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा वास जावा म्हणून आदल्या रात्री चिमूटभर सोडियम मेटाबायसल्फाइट घालतो. ते नसलं तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. ज्या-ज्या वस्तूला उकळीनंतर बिअर लागणार ती निर्जंतुक केलेली हवी. हे कंटाळवाणं आहे आणि अर्धी बिअर त्यातच आहे.

आता सरबत.

२०१७ च्या हिवाळ्यात आईंच्या बोटांत ताकद राहिली नाही. मनुका कुस्करता येईनात. वयाची शहाऐंशी झालेली. शुक्रवारचं सरबत आमच्याकडे आलं. पहिल्या शुक्रवारी आम्ही केलेलं त्यांनी किद्दुशला घेतलं, आमेन म्हटलं, आणि नंतर स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "नाही. तसं नाही." कसं हवं ते सांगता येईना. माप त्यांनी कधी केलंच नव्हतं. मूठ, वाटी, आणि डोळा. पन्नास-साठ वर्षं दर आठवड्याला केलेली गोष्ट, आणि घरात एकालाही येत नाही.

वही उलटी केली आणि मागच्या पानापासून सरबत सुरू केलं. एका वेळी एकच बदल, आठवड्याला एक शुक्रवार.

आधी पाणी. मनुकांच्या रसावर द्राक्षारसाचीच बेराखा म्हणता येते, पण मनुका ओलसर हव्यात, पिळल्यावर त्यांचा स्वतःचा रस निघाला पाहिजे, आणि पाणी बेसुमार नको. ३०० ग्रॅमला ६०० मिली ठरलं. मग गरम पाणी की गार. गारच, गरम पाण्याने शिजल्यासारखं लागतं. मग भिजवण्याचा वेळ. मग तवंग: इथल्या पाकिटातल्या मनुकांना एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तेलाचा हात असतो, तो सरबतावर तरंगतो. कोमट पाण्यात दोनदा धुतल्या की जातो. दर शुक्रवारी आई चाखायच्या. "जवळ आलं." "परत लांब गेलं." एकदा तर, "हे गोड आहे, पण पाठीमागे काही नाही."

गंमत बघा. बिअरमध्ये पाठीमागे गोड राहतं ही तक्रार, सरबतात पाठीमागे काही नाही ही.

नवव्या की दहाव्या शुक्रवारी उलगडा झाला. आम्ही वापरत होतो ते बेदाणे. मिल्ड्युराकडच्या सन्रेझियातले, उत्तम, पण बिनबियांचे. आई मुंबईत घ्यायच्या त्या काळ्या मनुका, मोठ्या, बियांच्या. कुस्करताना बी चिरडली जाते आणि तिचा किंचित कडूपणा उतरतो. इथे आल्यावर त्यांनी बरीच वर्षं बिनबियांच्यावरच भागवलं होतं, पण जिभेला आठवत होती ती रेवदंड्याच्या घरातली चव. बियांच्या काळ्या मनुका अखेर एका अफगाणी दुकानात मिळाल्या. भाजलेल्या जवाच्या ६० ग्रॅमनी जे केलं तेच त्या बियांनी केलं.

त्या शुक्रवारी आईंनी पेला संपवला. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अजून आहे का?"

पेसाख २०१८ साली ३० मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी लागला. नवव्या घाण्याच्या बाटल्या नेमक्या मार्चच्या मध्यावर पिकल्या. जवाची बिअर म्हणजे शुद्ध हामेत्झ. पेसाखमध्ये आपल्या मालकीची राहिली तर नंतरही ती आपल्याला चालत नाही. रब्बायांमार्फत विकून टाकता येते, पण बिअर शेजाऱ्यांना वाटून टाकणं आम्हाला बरं वाटलं. दोन आठवडे आमच्या गल्लीत आम्ही फार लोकप्रिय होतो. यीस्ट टाकलं, उरलेला माल्ट टाकला, पिंप घासून गराजच्या कोपऱ्यात ठेवलं आणि वर जुनी चादर घातली.

आई काठी टेकत बघायला आल्या. चादर बघून हसल्या. "अनास झाकलंत वाटतं!"

आम्हाला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजीच्या तोंडी पेसाखला पेसाख हा शब्दच नव्हता. 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे आंबवलेल्या आंबट रसाचं भांडं, जेवणात कालवणासारखं वापरायचं. वर्षभर ते घरात चालू असे, आणि ह्या सणाला ते झाकून ठेवत. तोरा दूर, पुस्तकं दूर, हिब्रू विसरलेलं, आणि तरी आपल्या कोकणातल्या बायकांनी आंबलेलं झाकून ठेवायचं तेवढं सोडलं नाही. हायम केहिमकरांच्या बेने इस्रायलांच्या इतिहासातही हे नाव आहे. ते पुस्तक १८९७ मध्ये लिहून झालं आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. पण आम्ही ते ऐकलं गराजमध्ये, चादर घातलेल्या प्लास्टिकच्या पिंपाशेजारी.

सेदेरला चारही पेले सरबताचे. मनुका नातीने कुस्करल्या, दोन्ही मुठींनी, कोपरापर्यंत काळी होऊन.

आई २०२१ च्या हिवाळ्यात गेल्या. पिंप अजून चालू आहे, तिसावा घाणा मागेच होऊन गेला, आणि तो आम्ही सातव्यापेक्षा बरा म्हणू शकत नाही.

मुलांनो, तुमचं माप हे घ्या. चौघांच्या किद्दुशला ३०० ग्रॅम बियांच्या काळ्या मनुका. कोमट पाण्यात दोनदा धुवा. गुरुवारी रात्री ६०० मिली गार पाण्यात भिजत घाला, वर झाकण. शुक्रवारी दुपारी त्याच पाण्यात हाताने कुस्करा. मिक्सर लावू नका, बियांची पूड होते आणि सरबत कडू होतं. मलमलीतून घट्ट पिळा. साखर नाही. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. तिसऱ्या दिवशी वर बारीक बुडबुडे दिसू लागले तर पिऊ नका, घरातल्या मोठ्यांना दाखवा. ते कुठून आले ते त्यांना आता सांगता येईल.